'रिप' आणि 'टेअर': इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला शिकताना

इंग्रजीत फाडण्यासाठी रोजच्या बोलण्यातले शब्द दोन: 'टेअर' आणि 'रिप'. शाळेच्या शब्दार्थांत दोन्हींसमोर 'फाडणे' एवढंच लिहिलेलं असतं, आणि परीक्षेपुरतं ते पुरतंही. पण शब्द कुठून आला, कुठे कुठे फिरला, त्याचं सख्खं कोण आणि कोणाशी नुसतं नामसाधर्म्य आहे, हे ज्यांना शोधायला शिकायचंय त्यांच्या सरावासाठी या जोडीइतकी चांगली जोडी मला दुसरी माहीत नाही. 'टेअर'चं घराणं खात्रीनं संस्कृतपर्यंत पोचतं. 'रिप'चं घराणं अर्ध्या वाटेपर्यंत स्पष्ट दिसतं आणि पुढे कोशकार 'बहुधा' म्हणायला लागतात. दोन्ही प्रकार हाताळता आले की बाकीच्या शब्दांची भीती जाते.

हा लेख अगदी नवशिक्यांसाठी आहे. भाषाशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. एक वही, इंटरनेट आणि थोडा धीर लागेल. पायऱ्या क्रमानं घ्या. बहुतेक उत्साही माणसं थेट 'मूळ संस्कृतात आहे!' या टोकाला उडी मारतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पायरी १: कोश उघडण्याआधी वापर गोळा करा

पहिलं काम वहीत करायचं. शब्द जिथे जिथे कानावर पडला, डोळ्यांखालून गेला, ते वाक्य जसंच्या तसं लिहून काढा. अर्थ लिहू नका, वाक्य लिहा. अर्थ आपण मनानं घालतो, वाक्य मात्र खरं असतं.

'रिप'साठी फार भटकावं लागत नाही. दुकानात 'रिप्ड जीन्स' असते. जिममध्ये पोटाचे स्नायू दिसायला लागलेल्या मुलाला मित्र 'रिप्ड' म्हणतात. क्रिकेटचे समालोचक लेगस्पिनरनं चेंडूला जोरदार फिरकी दिली की 'रिप' म्हणतात. जुन्या नाट्यगीतांच्या सीडी संगणकावर उतरवून घेणं म्हणजे 'रिप करणं'. पर्यटनस्थळी चहाला दीडशे रुपये लावले की तो 'रिप-ऑफ'. गोव्याच्या किनाऱ्यावर जीवरक्षक 'रिप करंट'बद्दल बजावतात. व्हॉट्सअॅपवर कोणी गेल्याची बातमी आली की खाली 'आरआयपी'ची रांग लागते. आणि १८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला 'जॅक द रिपर' आहेच.

प्रत्येक वाक्याखाली दोनच प्रश्न लिहा: इथे नेमकं काय सुटं होतंय? आणि ते कुठून सुटतंय? उत्तर येत नसेल तिथे फुली मारा. ही फुली पुढे फार उपयोगी पडते. वरच्या यादीत 'आरआयपी'पुढे फुली येईल, आणि पाण्याच्या 'रिप'पुढे बहुतेक प्रश्नचिन्ह.

पायरी २: लिहिण्यावर जाऊ नका, उच्चार ऐका

टी-ई-ए-आर ही अक्षरं इंग्रजीत दोन वेगळ्या शब्दांसाठी येतात. फाडायचा तो 'टेअर', डोळ्यांतला तो 'टिअर'. एका स्पेलिंगमागे दोन शब्द असू शकतात हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढची निम्मी फसगत टळते. रडताना काळीज फाटतं म्हणून दोन्ही एकच, असं सुंदर स्पष्टीकरण कोणी दिलं तरी त्याला भुलू नका. पुढे मुळापाशी गेल्यावर दिसेल की दोघांचे पूर्वज वेगळे आहेत.

याच पायरीवर क्रियापदाची रूपंही लिहून ठेवा. 'टेअर – टोअर – टॉर्न' यात आतला स्वर बदलतो. 'रिप – रिप्ड – रिप्ड' यात नुसतं शेपूट लागतं. इंग्रजीत स्वर बदलणारी क्रियापदं बहुतेक फार जुनी, भाषेच्या गाभ्यातली असतात. नंतर आलेली क्रियापदं सहसा शेपूट लावून घेतात. हा पुरावा नव्हे, नुसता संकेत आहे; पण इथे तो बरोबर निघतो.

पायरी ३: कोणता कोश कशासाठी

इथे बहुतेक नवशिके चुकीचं दार ठोठावतात. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या कोशांत सगळ्यात जास्त वापरातला अर्थ पहिला दिलेला असतो. ऐतिहासिक कोशात सगळ्यात जुना अर्थ पहिला असतो. मूळ शोधायचं तर दुसऱ्या प्रकारचा कोश हवा. ऑक्सफर्डचा मोठा कोश याच पद्धतीचा आहे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. तो आज ऑनलाइन आहे, पण वर्गणी लागते. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे ती आहे का ते विचारा. मेरियम-वेब्स्टरचा कोश फुकट बघता येतो आणि तोही अर्थ कालक्रमानं लावतो. नुसत्या व्युत्पत्तीसाठी 'एटिमॉनलाइन' हे संकेतस्थळ सुरुवातीला पुरेसं आहे.

मराठीच्या बाजूनं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, एवढी मंडळी हाताशी ठेवा. मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि टर्नर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. इंग्रजी शब्दासाठी मराठी कोश कशाला, असं वाटेल. सातव्या पायरीवर कळेल.

कोशात शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २, ३ असे आकडे असतात. लोक ते बघतच नाहीत. ते आकडे सांगतात की कोशकारांच्या मते हे वेगवेगळे शब्द आहेत, नुसते एका शब्दाचे वेगवेगळे अर्थ नव्हेत. 'रिप'ला असे आकडे आहेत. फाडण्याचा 'रिप' एक. खवळलेल्या पाण्याच्या पट्ट्याला म्हणतात तो 'रिप' दुसरा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नोंदीत येतो, आणि तो पहिल्याचाच फाटा असावा असं मानतात. तिसरा 'रिप' म्हणजे मरतुकडा घोडा, त्यावरून कुचकामी किंवा छचोर माणूस. हाही अठराव्या शतकातला, आणि तो फाडण्याशी जोडतच नाहीत. आपल्या वहीतली वाक्यं या आकड्यांप्रमाणे वेगळी करा. वीस मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

पायरी ४: सगळ्यात जुना, हाताला लागणारा अर्थ पकडा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा ही पायरी आहे, म्हणून इथे घाई नको.

फाडण्याचा 'रिप' इंग्रजीत साधारण १४००च्या सुमारास दिसायला लागतो, आणि तेव्हाचा अर्थ आहे टाके काढणे. म्हणजे आपलं 'उसवणे'. शाळेत 'रिप म्हणजे फाडणे' असं घोकलेल्याला हे एकदम वेगळं वाटतं. पण मराठी बोलणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण आपण तो रोज पाळतो. खिळ्याला अडकून सदरा फाटतो. काखेत ताण येऊन सदरा उसवतो. पहिल्यात कापड गेलं, दुसऱ्यात टीप गेली. पहिल्याला रफू हवं, दुसऱ्याला नुसती परत टीप मारली की झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या अमेरिकेतल्या सेंच्युरी कोशानं अगदी हीच वाटणी केली आहे: कपडा शिवणीवरून जातो तो 'रिप', विणीतून जातो तो 'टेअर'.

हा जुना अर्थ आजही जिवंत बघायचा असेल तर शिलाई मशीनच्या डब्यात बघा. त्यात बोटभर लांबीचं, प्लॅस्टिकच्या मुठीचं एक दुतोंडी हत्यार असतं. एक टोक लांब आणि सुईसारखं. दुसरं आखूड, आणि त्याच्या टोकावर बहुतेक वेळा लाल रंगाची बारीकशी गोळी. दोन्ही टोकांच्या बेचक्यात, खोलगट जागी, धार. लांब टोक टाक्याखाली घालायचं, पुढे सरकवायचं, टाका बेचक्यात येतो आणि कापला जातो. शिवणीतून सरकवत न्यायचं असेल तर गोळीचं टोक कापडाच्या बाजूला ठेवायचं. गोळी कापडात घुसत नाही, त्यामुळे दोरा तुटतो आणि कापडाला ओरखडाही येत नाही. याचं नाव 'सीम रिपर'. इतकी काळजी घेऊन बनवलेल्या हत्याराला 'फाडणारा' म्हणणं किती चुकीचं आहे ते हातात धरल्यावर कळतं. त्याचं काम उसवण्याचं आहे.

आता सुतारकामाकडे या. इंग्रजीत करवतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. फळी आडवी कापायची ती 'क्रॉसकट', आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं उभी चिरायची ती 'रिप सॉ'. क्रॉसकटचे दात तिरके घासून सुरीसारखे केलेले असतात, कारण त्यांना लाकडाचे तंतू आडवे तोडायचे असतात. रिप सॉचे दात मोठे, विरळ आणि सरळ घासलेले असतात. ते बारीक पटाशीसारखे तंतूंच्या ओळीतून लाकूड उकरत जातात. मराठी सुतारही दोन्हीला 'कापणे' म्हणत नाही. रेषेतून जातं ते 'चिरणे'.

शिवण आणि लाकूड शेजारी ठेवा. दोन्हींत आधीपासून एक रेघ आहे आणि वस्तू त्या रेघेवरून सुटते. 'रिप'चा गाभा मला इथे दिसतो. हे ध्यानात आलं की सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला 'चिरून उघडणे' हा अर्थ, ज्यातून पुढे लंडनच्या खुन्याचं टोपणनाव आलं, सहज जोडता येतो. सीडीवरचं गाणं 'रिप' करणं म्हणजेही चिकटलेलं काहीतरी सोलून बाहेर काढणं. 'टेअर'चा वापर कोणी सीडीसाठी केला नाही, हे विचार करण्यासारखं आहे.

पायरी ५: सालं वाचा, पण त्यांच्यावर अतिविश्वास नको

कोशात दिलेलं साल म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे. त्या साली तो पहिल्यांदा लिहिलेला सापडला, एवढाच त्याचा अर्थ. शिवणकाम करणाऱ्या बायका आणि शिंपी तो शब्द आधी किती पिढ्या बोलत होते ते कागदावर उतरलेलं नाही. दोन कोशांत सालं वेगळी दिसली तरी गोंधळू नका. एकाला जुना कागद सापडलेला असतो, दुसऱ्याला नाही.

सालांचा खरा उपयोग क्रम लावण्यासाठी होतो. 'रिप'चे अर्थ असे मांडता येतात: आधी टाके उसवणे, मग चिरून उघडणे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाम म्हणून वापर, म्हणजे 'फाटलेली जागा'. त्याच शतकाच्या अखेरीस 'जोरात, कापत जाणे' हा अर्थ. त्यातून अमेरिकेत १८५०च्या दशकात 'लेट हर रिप', म्हणजे सोडा सुसाट. समालोचकांचा फिरकीवाला 'रिप' या जोरकस अर्थाच्या जवळचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुरुंगातल्या बोलीत 'रिप' म्हणजे चोरणं झालं, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून 'रिप-ऑफ' सगळीकडे पसरला. चहावाल्यानं लावलेल्या दीडशे रुपयांपर्यंतचा प्रवास हा असा.

'रिप करंट' हे नाव मात्र जाणूनबुजून ठरवलेलं आहे. समुद्रशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ साली ते सुचवलं, कारण लोक त्याला 'रिप टाइड' म्हणत होते आणि भरती-ओहोटीशी त्याचा तसा संबंध नव्हता. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगानं परत समुद्रात जातं, तो हा प्रवाह. आपल्याकडे कोकणात त्याला सरळ 'ओढ' म्हणतात, 'आज पाण्याला ओढ आहे'. विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते: त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. दम संपतो आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या, मग आत वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. शब्दांच्या लेखात हे बसत नसेल, पण कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर दर पावसाळ्यात माणसं जातात.

पायरी ६: आता मूळ

व्युत्पत्तीच्या चौकटीत तीन गोष्टी ओळखायला शिका.

पहिली, 'पासून आला' आणि 'चा सोयरा' यांतला फरक. इंग्रजीनं शब्द एखाद्या भाषेकडून घेतला असेल तर ते एक नातं. दोन्ही भाषांना तो एका पूर्वजाकडून मिळाला असेल तर ते दुसरं. इंग्रजी 'टेअर' संस्कृतातून आलेला नाही. तो आणि संस्कृत धातू एकाच घरची भावंडं आहेत. हा फरक न कळल्यामुळे आपल्याकडे किती वाद विनाकारण रंगतात!

दुसरी, तारा. शब्दाआधी छोटी चांदणी असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. वंशजांवरून मागे जाऊन अभ्यासकांनी बांधलेलं आहे.

तिसरी, 'बहुधा', 'कदाचित', 'मूळ अनिश्चित' हे शब्द. हे वगळून नोंद करणं म्हणजे कोशकाराच्या तोंडी खोटं घालणं. वहीत ते जसेच्या तसे उतरवा.

आता 'टेअर' घ्या. जुन्या इंग्रजीत 'तेरन'. गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या नातलग, आता नामशेष झालेल्या भाषेत 'गतैरन', म्हणजे फाडणं, नासवणं. जर्मनमध्ये 'त्सेरेन', पण तिथे अर्थ सरकून 'खाऊन संपवणं' झाला. त्यामागे, या भाषा आणि ग्रीक-संस्कृत यांच्या सामाईक पूर्वजभाषेसाठी बांधलेलं मूळ आहे 'देर्', म्हणजे फाडणे, सोलणे. ग्रीकमध्ये याच मुळापासून 'देर्मा', सोलून निघते ती त्वचा. त्वचारोगतज्ज्ञाला आपण 'डर्मटॉलॉजिस्ट' म्हणतो तो इथून. आणि संस्कृतात दॄ हा धातू, 'दृणाति' म्हणजे फाडतो.

हा धातू मराठीत कुठे कुठे आहे ते बघा. 'विदीर्ण', म्हणजे फाटलेलं. 'हृदयविदारक'. डोंगर फाटल्यासारखी दिसणारी 'दरी'. आणि 'पुरंदर': शत्रूंची पुरं फोडणारा तो इंद्र, आणि त्याच नावाचा पुणे जिल्ह्यातला किल्ला. पुरंदरमधला 'दर' आणि इंग्रजी 'टेअर' ही एकाच मुळाची फळं आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हाचा आनंद अजून ओसरलेला नाही.

पण हे 'सारखं वाटतं' म्हणून खरं नाही. खरं आहे ते नियमानं. संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत नेमानं 'ट' येतो: दश – टेन, द्वि – टू, दंत – टूथ. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२ साली असे ध्वनिबदल नीट मांडले. याची उलट तपासणीही करून बघा. संस्कृतात 'द' आणि त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दातही 'ड' असेल तर बहुतेक वेळा तो शब्द इंग्रजीच्या घरचा नसतो, लॅटिन-ग्रीककडून उसना घेतलेला असतो. 'टूथ' घरचा, 'डेंटल' लॅटिनमधला. 'टेअर' घरचा, 'डर्मटॉलॉजी' ग्रीकमधली. एवढा एक नियम वापरायला आला तरी ऐकीव व्युत्पत्तींचा मोठा ढीग बाजूला करता येतो.

डोळ्यांतल्या 'टिअर'चा पूर्वज वेगळा: 'दक्रु'. ग्रीक 'दाक्रु', लॅटिन 'लाक्रिमा', गॉथिक 'तग्र'. संस्कृत 'अश्रू' याच कुटुंबातला मानतात, फक्त तिथे सुरुवातीचा 'द' नाही. अश्रूवरून प्राकृतातून आपलं 'आसू'. म्हणजे एका इंग्रजी स्पेलिंगच्या मागे एकीकडे विदीर्ण आहे आणि दुसरीकडे आसू, आणि दोघांचं एकमेकांशी नातं नाही.

'रिप'कडे आलं की चालण्याचा वेग कमी करा. फ्लेमिश भाषेत, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्सच्या बोलीत, 'रिप्पेन' म्हणजे ओरबाडून काढणं. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रिशियनमध्ये 'रिप्पे', डॅनिशमध्येही जवळचा शब्द आहे. म्हणून उत्तर समुद्राच्या काठच्या कुठल्या तरी भाषेतून तो इंग्रजीत आला असावा, असं कोश 'बहुधा' लावून सांगतात. चौदाव्या शतकात इंग्लंडची लोकर फ्लँडर्सला जात होती, आणि तिसऱ्या एडवर्डच्या काळात तिकडचे विणकर इंग्लंडमध्ये येऊन राहत होते. शिवणकामाचा शब्द त्या वाटेनं आला असेल हे पटण्यासारखं आहे. पण पटण्यासारखं आणि सिद्ध झालेलं यांत अंतर असतं. वहीत हे 'शक्यता' या शीर्षकाखाली लिहा. त्याच्याही मागे जाऊन काही जण हिसकावणे, मोडणे या अर्थाच्या एका प्राचीन मुळाशी तो जोडतात. ते बरोबर असेल तर लॅटिनमार्गे आलेले 'रप्चर', 'करप्ट', 'बँकरप्ट' आणि आपले 'लोप', 'लुप्त' हे त्याचे दूरचे नातलग ठरतात. इथे मोठे कोश एकमताचे नाहीत, म्हणून 'टेअर – विदीर्ण' आणि 'रिप – लुप्त' या दोन जोड्या एकाच खात्रीनं कोणाला सांगू नका.

पायरी ७: फसवे जुळे बाजूला काढा

'रिपू' म्हणजे शत्रू, आणि शत्रू फाडतो, म्हणून 'रिप'? ध्वनी सोडून काहीही जुळत नाही. खोडा.

पहिल्या पायरीवर फुली मारलेला 'आरआयपी' हा शब्दच नव्हे. 'रेक्विएस्कात इन पाचे', म्हणजे 'तो शांतीत विसावो', या लॅटिन प्रार्थनेची ती आद्याक्षरं. ख्रिस्ती थडग्यांवर ती कोरतात. इंग्रजीतलं 'रेस्ट इन पीस' त्याच अक्षरांवर नेमकं बसतं, म्हणून ती टिकली. उसवण्याशी काही देणंघेणं नाही.

सगळ्यात मोठा मोह मराठी माणसाला पडतो तो 'रीप' या शब्दाचा. कौलारू घराच्या वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्या त्या रिपा. त्यांच्यावर कौलं बसतात. फळी रिप सॉनं उभी चिरली की निघते ती रीप! ध्वनी जुळला, धंदा जुळला, वस्तू जुळली. एवढं सगळं जुळल्यावर कोणीही म्हणेल की शब्द इंग्रजांकडून आला. पण साहेबाच्या हिंदुस्थानी इंग्रजीत या पट्ट्यांना 'रीपर' म्हणत, आणि त्या बोलीचा कोश करणाऱ्या यूल आणि बर्नेल यांना (त्यांचा कोश १८८६चा) तो शब्द हिंदी कोशांत सापडेना. सापडला मराठी कोशात: 'रीप'. म्हणजे प्रवासाची खूण उलट दिशेची आहे. कौलांखालचा शब्द मराठीतून इंग्रजीत गेला. लाकडाच्या वखारींत 'रीपर' आजही ऐकू येतो. मराठी कोश हाताशी ठेवा म्हटलं ते यासाठी. इंग्रजीकडून आलेला दिसणारा प्रत्येक शब्द आधी मोल्सवर्थमध्ये बघायचा, ही सवय लावून घ्या.

पायरी ८: मराठीत परत या

मूळ कळल्याचा उपयोग रोजच्या भाषांतरात दिसला पाहिजे. 'रिप'साठी आपल्याकडे एकच शब्द नाही आणि ते चांगलंच आहे. शिवण असेल तर उसवणे. लाकूड असेल तर चिरणे. कागद रागानं, झटक्यानं फाडला असेल तर टरकावणे. साल किंवा आवरण असेल तर सोलणे. पैशांचा मामला असेल तर लुबाडणे. कोणी कोणाला शब्दांनी 'रिप इन्टू' केलं तर फैलावर घेणे. 'टेअर'साठी कापडाला फाडणे, स्नायूला किंवा लिगामेंटला फाटणे, आणि दोन निष्ठांमध्ये सापडलेल्या माणसासाठी जीव दुभंगणे.

'हार्ट-रेंडिंग'ला 'हृदयविदारक' म्हणताना आपण फाडण्याच्या इंग्रजी शब्दासमोर फाडण्याचाच संस्कृत शब्द ठेवतो, पण 'रेंड' आणि 'विदारक' एका मुळाचे नाहीत. जुळतो तो अर्थ. उलट कापडाच्या प्रांतात खरी भावंडं आहेत: आपलं 'शिवणे' संस्कृत 'सीव्यति'पासून, आणि इंग्रजीतले शिवण्याचे 'सो' आणि 'सीम' हे त्याच कुळातले.

सरावाला पुढचे शब्द घ्या. 'रेंट' आधी: पडद्याला पडलेला 'रेंट' हा 'रेंड'च्या घरातला, घरभाड्याचा 'रेंट' फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या परत देण्याच्या क्रियापदाकडून. मग 'रिफ्ट', जो उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर आला. मग 'श्रेड'. 'क्लीव्ह' शेवटी ठेवा, कारण तो सगळ्यांत अवघड आहे: त्याचा एक अर्थ चिरून वेगळं करणं, दुसरा घट्ट चिकटून राहणं. उच्चार एक, स्पेलिंग एक, अर्थ उलटे. तिथे तर्क लढवायच्या आधी शब्दाच्या डोक्यावरचे आकडे बघा.